धुराच्या दिवसांतल्या फेऱ्या

धूर परत आला आहे. सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत अर्धीच दिसली. वरचे मजले कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखे. शेजारच्या चिनी बाईने बांबूवर वाळत घातलेले कपडे पुन्हा आत ओढले आणि मला बघून नाकापुढे हात हलवला. मीही हलवला. आम्हा दोघींत तेवढीच भाषा आहे.

समुद्रापलीकडे जंगलं जाळतात, त्याचा हा धूर, असं सुनेने मागेच सांगितलं होतं. मला धुराचं नवल नाही. लग्नाआधीपासून चुलीपुढे बसले, उन्हाळ्यात भाजावळीचा धूर खाल्ला. पण तो धूर कुठून येतो ते दिसायचं. त्याच्या खाली भात असायचा, नाहीतर शेत असायचं. इथल्या धुराला चूल नाही. तो नुसता येतो, घरात शिरतो आणि उशीच्या अभ्र्यांना वास लावून ठेवतो. भर दुपारी सूर्य ताम्हनासारखा लाल दिसतो, त्याच्याकडे डोळे न मिटता बघता येतं.

मागच्या वेळी असा धूर आला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हाही मी ह्याच घरात होते, इथे परदेशात, बेडोकला. माझा मुलगा सुधीर जहाजावर चीफ इंजिनियर आहे. काही महिने पाण्यावर, काही महिने घरी. त्या धुराच्या दिवसांत तो घरी होता आणि पळत होता.

पळणं मला तोवर दोन कारणांसाठी माहीत होतं. कुत्रं मागे लागलं तर, आणि एसटी सुटत असली तर. सुधीरचे वडील, त्याचे अण्णा, चिपळूणला एसटीत कंडक्टर होते. गाडीमागे पळत येणारा माणूस त्यांना काचेतून दिसायचा. त्याच्या पळण्यावरून ते ओळखायचे म्हणे, की हा खरंच अडलेला आहे की झोपून राहिला होता. अडलेला असेल तर घंटी ओढून गाडी थांबवायचे. झोपाळू असेल तर अजून थोडा पळू द्यायचे आणि मग थांबवायचे. कसलीही गाडी पकडायची नसताना शिकलेली माणसं पहाटे उठून पळतात, हे त्यांना बघायला मिळालं नाही. त्यांच्या माघारी मी इथे आले, आणि मला रोजच बघायला लागलं.

दर रविवारी सात-आठ मराठी माणसं ईस्ट कोस्टला समुद्राकाठी जमत. मी सुधीरबरोबर जायची, कारण घरी बसून काय करायचं. जमल्यावर सगळे आपापल्या किल्ल्या, चष्मे, घड्याळं माझ्याकडे देत. मरीन परेडच्या कॉन्डोत राहणारी शुभदा परांजपे मंगळसूत्रसुद्धा काढून माझ्या रुमालात बांधून ठेवायची. पळताना टोचतं, म्हणायची. मी बाकावर बसून राहायची. समोर पाण्यात मालाची जहाजं उभी असत, एकही हलत नसे. मागून ही माणसं जात आणि थोड्या वेळाने लालबुंद होऊन परत येत. जिथून निघाली तिथेच. त्यांना ह्यात काही वावगं वाटत नसे.

पळून झालं की सगळे सिमेंटच्या टेबलाभोवती बसत. मी पोहे आणि थर्मासमधून चहा नेत असे. मग ज्याने त्याने आपला आठवडा सांगायचा, असा त्यांचा नेम होता. किती पळालो, कुठे दम लागला, काय दुखलं, डिसेंबरपर्यंत कुठवर पोचायचं. डिसेंबरात मॅरेथॉन असे, आणि त्यांचं सगळं बोलणं तिथे जाऊन थांबे. एकजण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, असाही नेम होता. तो कुणी पाळत नसे.

“ह्या आठवड्यात जिने चढलो, मावशी,” कारखानीस सांगायचा. तो पुण्याचा, आंग मो किओला कॉम्प्युटरच्या कंपनीत. “थेट बाराव्या मजल्यापर्यंत.”

“लिफ्ट बंद होती का?” मी विचारलं.

“हो.”

“मग तसं सांग.”

“मावशी, तुम्ही चहा ओता. हे प्रश्न परांजपेबाई विचारतील.”

“मी विचारणारच होते,” शुभदा म्हणाली. “मावशींनी माझं काम वाचवलं. आणि कारखानीस, मागच्या आठवड्यात तुम्ही बुधवारी पळालात म्हणे. बुधवारी मी तुम्हाला हॉकर सेंटरमध्ये बघितलं. समोर नूडल्स होते.”

“पळून आलो होतो ना.”

“शर्टाला इस्त्री होती.”

असं चालायचं. मला एक कळलं, आपलं काय दुखतंय हे सांगायला माणूस फार आतुर असतो. फक्त ऐकणारा हलला नाही पाहिजे. गुडघे, घोटे, पोटऱ्या ह्यांच्याबद्दल ही माणसं इतकं बोलत, की बायको-मुलांबद्दल तेवढं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. माणसं बोलत आणि त्यांच्या अंगाला घाम, बाम आणि समुद्र ह्यांचा मिळून एक वास येई. तो वास मला अजून आवडतो. का, ते मी शोधलेलं नाही.

सुधीरचा आठवडा सगळ्यांत छोटा असे. त्याला डिसेंबरची मॅरेथॉन पुरी पळायची होती. आधीच्या दोन्ही वर्षी नाव दिलं आणि दोन्ही वर्षी त्याआधीच जहाजावर जावं लागलं. त्या वर्षी डिसेंबर संपेपर्यंत रजा होती. आता मोकळा होता, तर डावा पाय दुखायला लागला. कंबरेखाली बाहेरच्या बाजूला, आणि तिथून गुडघ्यापर्यंत. बाकीच्यांना काळजी मॅरेथॉनची होती, मला दुसरीच होती. पुन्हा जहाजावर चढायच्या आधी डॉक्टर तपासतात. इंजिनरूम म्हणजे नुसत्या उभ्या लोखंडी शिड्या. लंगडणाऱ्या माणसाला तिथे कोण पाठवणार. आणि सुधीरला दुसरं काही येत नाही. येत असेल तर आवडत नाही.

पाय का दुखतो हे त्याला स्वतःला ठाऊक होतं. एका रविवारी त्याने टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून जहाज काढून दाखवलं.

“हा डेक. मधे ही हॅचची झाकणं, माल भरायची. त्यांच्याभोवती मी पळतो. डेक मधे उंच असतो आणि दोन्ही कडांना उतरता, पाणी वाहून जावं म्हणून. मी नेहमी झाकणं उजव्या हाताला ठेवून पळतो. म्हणजे डावा पाय कायम उताराला. दोन वर्षं तोच पाय खाली.”

“मग नेहमी त्याच बाजूने का?” शुभदाने विचारलं.

“सवय. आपण देवळात नाही का, देव उजव्या हाताला ठेवून फिरतो.”

“प्रदक्षिणा घालतोस जहाजाला? चीफ, तू इंजिनियर आहेस की गुरव?” कारखानीस म्हणाला. “उलटा पळ थोडे दिवस. गाडीचे टायर कसे बदलून लावतो, इकडचा तिकडे.”

“बघू,” सुधीर म्हणाला आणि चहातलं जहाज हाताने पुसून टाकलं.

त्या वेळी बघायची गरज पडली नाही. समुद्राकाठचा रस्ता सरळ आहे, त्यात फेऱ्याच नाहीत. मी रोज दुपारी तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून त्याचा पाय शेकत होते. पाय सुधारायला लागला. मग धूर आला.

पहिल्या दिवशी नातीने सांगितलं. नेहा तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, “आजी, नो पीई. आउटसाइड कॅनॉट लाह. टीचर सेड.” रेडिओवरही धुराचा आकडा सांगायला लागले, जसा आपल्याकडे क्रिकेटचा सांगतात. लोक थांबून ऐकत आणि मान हलवत. खोकला सगळ्यांना. सून मेधाने खिडक्या बंद केल्या आणि फटींत ओले टॉवेल कोंबले. घरात फोडणीचा वास आणि बाहेर धुराचा, दोन्ही मिळून डोकं चढायचं.

शहाणी माणसं अशा वेळी घरात बसतात. ह्यांना डिसेंबर दिसत होता. कारखानीसने तोड काढली. आमच्या सरकारी इमारतींचा तळमजला रिकामा असतो, भिंती नाहीत, नुसते खांब आणि काही सिमेंटची स्टुलं. वॉइड डेक म्हणतात त्याला. कारखानीसचं म्हणणं, छताखाली धूर कमी असतो. धुराला छत कळतं का, असं मी विचारलं, तर सगळे हसले आणि तिथेच पळायला लागले. “चीफ, हाही डेकच आहे,” कारखानीस म्हणाला. “तुला घरच्यासारखं वाटेल.”

आता माझ्या पुढूनच सगळं चाले. मी स्टुलावर किल्ल्या मांडीत घेऊन बसले की ते खांबांभोवती फिरत राहत. पिंजऱ्यात पक्षी घेऊन बसणारे दोन म्हातारे आधी वैतागले, मग त्यांना करमणूक झाली. पायांचे आवाज छतावर आपटून परत येत. आणि इथे पुन्हा फेऱ्या आल्या. एकाच बाजूने वळून पाय बिघडतात म्हणून त्यांनी ठरवलं, एक दिवस ह्या बाजूने पळायचं, एक दिवस त्या. पहिला दिवस सरळ गेला. दुसऱ्या दिवशी सगळे उलटे निघाले आणि सुधीर एकटा समोरून आला. खांबाच्या आड दिसला नाही, कारखानीस त्याच्यावर आदळला. चष्मा माझ्याकडे होता म्हणून वाचला.

“अरे, आज तिकडून,” कारखानीस जमिनीवर बसूनच म्हणाला.

“मला जमत नाही तिकडून.”

“जमत नाही म्हणजे काय? पाय तेच आहेत.”

“तुम्ही पळा. मी कडेने जातो.”

“सुधीर, आपण काही देवळात नाही आहोत,” शुभदा म्हणाली. “हे खांब आहेत. त्यावर पान थुंकू नका असं चार भाषांत लिहिलंय.”

सुधीर हसला, पण बाजू बदलली नाही. आठवड्याभरात तो पुन्हा लंगडायला लागला. डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तेच सांगितलं, बंद कर नाहीतर बाजू बदल. ह्याने दोन्ही केलं नाही. मेधा मला म्हणाली, “आई, तुम्ही तरी बोला. माझं ऐकत नाहीत. काय हट्ट आहे हा?” चाळिशीतल्या माणसाला पळ म्हणून आणि पळू नको म्हणून मी सांगायचं, हे मला पटलं नाही. पण मलाही कळत नव्हतं. ज्याला दुखण्याचं कारण बोटाने काढून दाखवता येतं, तो औषध का घेत नाही?

मग एका सकाळी आम्ही खाली गेलो तर पळायला जागा नव्हती. नवव्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ गेले होते. इथे चिनी लोक मयत घरी ठेवत नाहीत, खाली खांबांमध्ये मांडव घालतात. तीन-चार दिवस पेटी तिथेच, येणारेजाणारे बसतात, शेंगा खातात, पत्ते खेळतात. मला ती रीत बरी वाटते. मेलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत आणि जिवंतांना उपाशी ठेवत नाहीत. चौथ्या सकाळी आम्ही पुन्हा खाली गेलो, तेव्हा पेटी उचलायची होती. घरची माणसं एकामागे एक पेटीभोवती फिरत होती, पुढे त्यांचा भटजी घंटा वाजवत. उदबत्त्यांचा धूर आणि बाहेरचा धूर, कुठला कुठला ते कळत नव्हतं. बाकीचे पळणारे लांबूनच घरी गेले. सुधीर बूट घालून खांबाला टेकून उभा राहिला, पेटी गाडीत चढेपर्यंत. मी किल्ल्या घेऊन स्टुलावर बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी मी त्याचा पाय शेकत होते. स्वयंपाकघराची खिडकी बंद, गॅसवर तवा, त्यावर मीठ तडतडत होतं. तो पाय लांब करून खुर्चीत बसला होता.

“अण्णा गेले तेव्हा आम्ही पॅसिफिकच्या मधोमध होतो,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“रेडिओवर निरोप आला. कॅप्टन म्हणाला, आज काम करू नकोस. काम नाही करायचं तर काय करायचं. बंदर कितीतरी दिवस लांब. डेकवर गेलो आणि झाकणांभोवती चालायला लागलो. म्हटलं, तिकडे आता अण्णांना नेत असतील. मग चालणं पुरेना, पळायला लागलो. दुसऱ्या दिवशीही. तेव्हापासून पळतोय.”

मी फडकं उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. चटका बसला असणार, पण त्याने पाय ओढून घेतला नाही.

“प्रदक्षिणा घालत होतो, असं धर. मधे कुणी नव्हतं, पण मी धरलं होतं. आता उलटा पळायला गेलो की पाय उचलत नाही. ते सगळं उसवल्यासारखं वाटतं. ह्या लोकांना काय सांगू?”

“कुणीकडून फिरलास?” मी विचारलं.

“सांगितलं ना. उजव्या हाताला ठेवून.”

“मग चुकलास.”

“काय?”

“प्रदक्षिणा देवाला. गेलेल्या माणसाला उलट्या फेऱ्या घालतात. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन, तीन. तुझ्या काकांनी घातल्या. घरी आले तेव्हा सदरा खांद्यापासून भिजलेला होता.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस. फोनवर तू विचारलंस, घरात गॅस आहे ना.”

“दोन वर्षं मी...”

“दोन वर्षं देवाला घातल्यास. त्या काही वाया गेल्या नाहीत. पण ह्यांच्यापर्यंत पोचल्या नसणार. आणि तुझे वडील कधी एका जागी उभे होते, की कुणी त्यांच्याभोवती फिरावं? चालत्या गाडीत पुढे-मागे करण्यात जन्म गेला त्यांचा.”

सुधीर हसला. मग हसताहसता तोंड भिंतीकडे वळवलं. मी मीठ पुन्हा तव्यावर टाकलं आणि ते तापेपर्यंत तव्याकडे बघत राहिले. आमच्यात एकमेकांच्या पाठीवर हात फिरवायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव काढलेला होता. जमिनीवर मेणाचे डाग आणि शेंगांची टरफलं तेवढी होती. बाकी कुणी यायच्या आत सुधीरने माझ्याकडे किल्ली दिली आणि उलट्या बाजूने निघाला. लंगडत होता. पळणं म्हणवत नव्हतं त्याला. तीन फेऱ्या झाल्या आणि तो माझ्यासमोर येऊन थांबला. श्वास लागला नव्हता, तरी थांबला. मी म्हटलं, “पाणी?” तो म्हणाला, “मडकं नाही आणलंस?” आणि बाटलीतून प्यायला. तेवढ्यात कारखानीस आला. “आज कुठली बाजू?” त्याने विचारलं. “तुम्ही सांगाल ती,” सुधीर म्हणाला. कारखानीसने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मी त्याचा चष्मा घेतला आणि रुमालात ठेवला.

पुढे पाऊस आला आणि धूर गेला, एका आठवड्यात, कधी आलाच नव्हता असा. पाय बराच सुटला, पण पुरा नाही. डिसेंबरात सुधीर अर्ध्याहून जास्त पळाला आणि उरलेलं चालला. तो पोचला तेव्हा लोक खुर्च्या गोळा करत होते. शुभदा केव्हाच येऊन, मंगळसूत्र घालून, केळं खात बसली होती. कारखानीस आधीच थांबला होता आणि आपलं काय दुखलं ते अनोळखी माणसांना सांगत होता. सुधीरला ह्याहून बरं काहीतरी हवं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. जानेवारीत डॉक्टरांनी त्याला उठाबशा काढायला लावल्या, शिडी चढायला लावली आणि जहाजावर जायला हरकत नाही म्हणाले. तेवढं मला पुरलं.

आता कारखानीस पुण्याला परत गेला. शुभदा पळते, पण नव्या मंडळींबरोबर, आणि किल्ल्या ठेवायला त्यांच्या कमरेला पट्टे असतात. सुधीर पाण्यावर आहे. परवा कुठल्याशा बंदरातून फोन केला.

“पळतोस का?” मी विचारलं.

“पळतो. एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. तिकडे धूर आहे म्हणे?”

“आहे. गॅसही आहे.”

तो पलीकडून हसला, फोनमध्ये ते थोड्या उशिरा ऐकू आलं.

मलाही डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, साखर वाढली म्हणून. बाहेर धूर, म्हणून मी खाली खांबांमध्ये चालते. धुरामुळे आणखी दहाबारा म्हातारी माणसं तिथेच चालतात, सगळीजणं खांब उजव्या हाताला ठेवून. मी समोरून येते. नेहा आता बारा वर्षांची आहे, तिला माझी लाज वाटते. “आजी, एव्हरीबडी दॅट वे. व्हाय यू दिस वे लाह?” म्हटलं, मला इकडून बरं पडतं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. ह्यांना नेलं तेव्हा मी दारापर्यंत गेले आणि परत येऊन घर धुवायला घेतलं. हे काही नेहाला सांगण्यासारखं नाही.

समोरून येणारे बाजूला होतात, मी होत नाही. तीन फेऱ्या झाल्या तरी मी थांबत नाही. तीन फेऱ्यांनी साखर उतरत नाही.